दुधाची रेघ आणि पटवाऱ्याची वही : देगराय ओरणाचं प्रकरण

विजेच्या तारेला धडकून गोडावण, म्हणजे आपला माळढोक, मेला, तर ते सगळ्यात आधी कळतं उंटांमागे निघालेल्या माणसाला. वनखात्याला ते नंतर कळतं, आणि कंपनीला बहुतेकदा कुणीतरी विचारल्यावर. थरच्या उघड्या माळावर मेलेला पक्षी फार वेळ टिकत नाही. रात्रीतून कोल्हे आणि भटकी कुत्री येऊन जातात. सकाळी तारांखाली वाऱ्याने इकडेतिकडे फिरणारी पिसं आणि एखादा पंख दिसला तर दिसला, दोन-चार दिवसांत तेवढंही राहत नाही. त्यामुळे ‘या लाइनखाली एकही पक्षी मेलेला नाही’ असं अहवालात लिहिणं सोपं असतं. बघायलाच कुणी गेलं नाही, तर ते वाक्य खोटंही ठरत नाही.

सप्टेंबर २०२०मध्ये जैसलमेर जिल्ह्यात देगराय ओरणाजवळ, म्हणजे देगराय देवीच्या नावाने सोडलेल्या माळाजवळ, वीजवाहिनीखाली गोडावणची एक मादी मेलेली सापडली. एका पक्ष्याच्या मृत्यूवरून एवढं रामायण कशाला, असं कुणी विचारेल. पण १९६९मध्ये देशभरात साधारण १,२६० असावेत असा अंदाज असलेला हा पक्षी आज दीडशेच्या आत आला आहे, आणि उरलेल्यांतले जवळपास सगळे थरमध्ये आहेत. मादी वर्षाला सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा हिशेबात एक मादी जाणं म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची पिल्लं जाणं.

तरीही हे लेखन गोडावणबद्दल थोडं आणि जमिनीच्या नोंदीबद्दल जास्त आहे. देगरायच्या आसपासची माणसं गेली काही वर्षं जे करत आहेत, ते बाहेरून पक्षी वाचवण्याचं काम दिसतं. जवळून पाहिलं तर त्यातला मोठा भाग एकाच खटपटीत जातो: आपल्या पूर्वजांनी आखलेली एक रेघ सरकारी वहीत उतरवून घेणं.

ओरण म्हणजे काय

ओरण हा शब्द ‘अरण्य’वरून आला असं मानतात. देवाच्या नावाने सोडलेली जमीन. आपल्याकडची देवराई म्हटली की सह्याद्रीतली गच्च झाडी आणि काळोख डोळ्यांपुढे येतो. जैसलमेरची ओरण तशी नसते. वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस नसलेल्या मुलखात ‘वन’ म्हणजे मैलोगणती सेवण गवत, मधूनच एखादी खेजडी (आपली शमी), बोराची झुडपं, केर म्हणजे नेपती, जाळ म्हणजे पिलू, एखादा रोहिडा. शहरी डोळ्याला हे ओसाड वाटतं. सगळा घोटाळा याच डोळ्यापासून सुरू होतो.

देगराय ही आवड मातेचं एक रूप मानली जाते. तिच्या नावाची ओरण सांवता, रासला या गावांच्या शिवारात पसरली आहे. गावकरी तिचं क्षेत्र सुमारे ६० हजार बिघे सांगतात, म्हणजे साडेनऊ हजार हेक्टरच्या घरात. तिथला नियम साधा आहे: कुऱ्हाड चालवायची नाही, नांगर घालायचा नाही. वाळून पडलेलं लाकूडसुद्धा देवीच्या कामाला. चरायला मात्र उंट, गाई, मेंढ्या, शेळ्या सगळ्यांना मोकळीक, आणि त्यांच्याच बरोबरीने चिंकारा, कोल्हे, गिधाडं, गोडावण. इथे माणसाला बाहेर काढून निसर्ग राखलेला नाही. गुरं आणि रानातली जनावरं एकाच गवतावर जगतात आणि एकाच तलावावर पाणी पितात.

ओरणीच्या हद्दी कशा ठरल्या, याच्या कथा गावागणिक वेगळ्या. कुठे दुधाची धार सोडत लोक हद्दीवरून फिरले, कुठे गंगाजल शिंपडलं. राजाने किंवा जहागीरदाराने जमीन देवीला वाहिली आणि ती रेघ लोकांच्या स्मरणात राहिली. ती पुसली जाऊ नये म्हणून परिक्रमेची चाल होती. वर्षातून एकदा हद्दीवरून चालत जायचं, बरोबर पोरांनाही न्यायचं. पुढच्या पिढीला नकाशा देण्याची ही पद्धत होती आणि ती शेकडो वर्षं पुरली. तिला कागद लागत नव्हता. नंतर नेमकं तेच अंगाशी आलं.

सिवायचक

स्वातंत्र्यानंतर राजस्थानात जमिनीची मोजणी आणि वर्गवारी झाली. ज्या जमिनीवर कुणाचं खातं नाही, पीक नाही आणि जी चराई म्हणून वेगळी नोंदलेली नाही, ती ‘सिवायचक’ म्हणून सरकारच्या नावे लागली. जैसलमेरमध्ये अशी जमीन अफाट. ओरणींचा मोठा हिस्सा याच खात्यात गेला, कारण देवी काही कचेरीत येऊन हक्क सांगत नाही. देगरायचा काही भाग ओरण म्हणून नोंदला गेला, पण गावकरी जी हद्द सांगतात तिच्या मानाने तो बराच कमी आहे. एकच रान, एकच गवत, एकच तलाव. त्यातलं थोडं कागदावर देवीचं आणि उरलेलं कागदावर कुणाचंच नाही.

‘कुणाचंच नाही’ याला सरकारी भाषेत ‘उपलब्ध’ म्हणतात.

निदान सुरुवातीला तरी यात दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. पटवाऱ्याच्या म्हणजे आपल्या तलाठ्याच्या वहीत जमीन पाहायची तर त्यात रकाने असतात, आणि ‘देवीच्या नावाने सगळ्यांच्या गुरांसाठी मोकळी’ असा रकाना नसतो. पण जमिनीला गिऱ्हाईक आलं की रकान्यांना धार येते. २०००च्या आसपास जैसलमेरमध्ये पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. २००७मध्ये राजस्थानने अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पांना जमीन देण्याचे वेगळे नियम केले. मग सौरऊर्जा आली. स्वच्छ आकाश, भरपूर ऊन, सपाट भूमी आणि सलग हजारो बिघे सरकारी जमीन, वाटाघाटी फक्त एकाच मालकाशी. कुठल्याही कंपनीला आणखी काय हवं असतं?

इथे एक बारकावा आहे, आणि तो कळल्याशिवाय पुढचं सगळं आक्रस्ताळेपणाचं वाटेल. कोळशाचं मोठं वीजकेंद्र किंवा खाण उभारायची तर २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेखाली मंजुरी लागते आणि त्यात जनसुनावणी असते. ती अनेकदा नावापुरती होते हे खरं. तरी गावातल्या माणसाला उठून माइकवर बोलता येतं आणि ते इतिवृत्तात येतं. सौर पॅनेलचे प्रकल्प या मंजुरीतून वगळलेले आहेत. वीज वाहून नेणाऱ्या लाइनींनाही ती लागत नाही. म्हणजे हजारो बिघ्यांवर कुंपण पडणार, झुडपं उपटून जमीन सपाट होणार, तलावाच्या आगोरातून म्हणजे पाणलोटातून रस्ता जाणार, आणि ‘तुमचं काय म्हणणं आहे’ असं विचारण्याची कायद्यात जागाच नाही. गावाला बहुतेकदा कळतं ते टॉवरचे पाय रोवायला यंत्र आलं की. उरतात तीन वाटा: धरणं, जिल्हाधिकाऱ्याला निवेदन आणि कोर्ट. देगरायच्या लोकांनी तिन्ही धरल्या.

मोजणारी माणसं

या भागात काम करणाऱ्या गटांकडे मोठी कार्यालयं नाहीत. ‘टीम ओरण’सारखा गट म्हणजे आसपासच्या गावांतली उंट-मेंढ्यांवर जगणारी, छोटी नोकरी किंवा शेती करणारी माणसं, हातात मोबाइल. पण या मोबाइलने जे साधलं ते कमी लेखू नये.

भारतीय वन्यजीव संस्थेने थरमध्ये ८० किलोमीटर वीजवाहिन्यांखाली वर्षभरात सात फेऱ्या केल्या, तेव्हा सुमारे ४० जातींचे २८९ मेलेले पक्षी सापडले. त्यावरून गोडावणच्या ४,२०० चौरस किलोमीटर अधिवासात दरवर्षी सुमारे ८४ हजार पक्षी तारांना धडकून मरत असावेत असा अंदाज बांधला गेला. गोडावणचा अंदाज वर्षाला १८, आणि तेव्हा थरमध्ये एकूण पक्षी होते सुमारे १२८. या प्रकारचा अभ्यास दर महिन्याला प्रत्येक लाइनखाली होणं शक्य नाही. उंट मात्र रोज चरायला जातात. त्यांच्यामागून जाणाऱ्याला कुठला टॉवर नवा, कुठली लाइन कधी सुरू झाली, कुठे काल गिधाड पडलं हे ठाऊक असतं. फोटो काढायचा, ठिकाण नोंदवायचं, गटात टाकायचं, वनखात्याला कळवायचं. पूर्वी हीच माहिती संध्याकाळी पारावर सांगितली जायची आणि तिथेच विरायची. फोटोवर तारीख आणि जागा आली की ती पुरावा होते.

पक्षी धडकतात कसे, हेही या लोकांना पुस्तकाआधी कळलेलं होतं. गोडावणचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उघड्या माळावर चहूकडून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवायला ते उत्तम, पण नाकासमोरचं कमी दिसतं. उडताना तो बरेचदा खाली जमिनीकडे पाहत असतो. नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं. एवढं धूड शेवटच्या क्षणी वळत नाही. त्यातही टॉवरच्या अगदी माथ्यावरून जाणारी अर्थिंगची तार सगळ्यात घातक, कारण ती इतरांपेक्षा बारीक असते. जाड तारा पाहून पक्षी थोडा वर उठतो आणि नेमका तिच्यात सापडतो.

यावर निघालेला तोडगा म्हणजे तारांवर टांगायच्या चमकत्या चकत्या, बर्ड डायव्हर्टर. २०२०मध्ये पोकरणजवळ चाचा ते धोलिया या पट्ट्यात त्या लावल्या गेल्या, नंतर इतरत्रही. काही प्रमाणात उपयोग होतो. पण ही वाऱ्यात सतत फिरणारी, भर उन्हात तापणारी वस्तू. ती टिकली का, किती लटकत आहेत, किती गळून पडल्या, हे पाहणार कोण? पुन्हा तोच माणूस. लावल्याचं बिल एकदाच निघतं, पाहणीचं कुणीच काढत नाही.

धोलिया आणि खेतोलाई ही बिश्नोईबहुल गावं. तिथली गोष्ट देगरायहून थोडी वेगळी आहे. बिश्नोईंच्या २९ नियमांत हिरवं झाड न तोडणं आणि जिवांवर दया हे येतं. १७३०मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ जणांनी झाडांसाठी प्राण दिल्याची आठवण दर भाद्रपदात जागवली जाते. त्यांच्या संघटना शिकारीच्या प्रकरणांत आरोपीला कोर्टापर्यंत खेचतात, वर्षानुवर्षं साक्षी देतात. शिकारी हा दिसणारा शत्रू असतो. टॉवर उभारणाऱ्या ठेकेदाराकडे सगळे परवाने असतात. जुन्या संघटनांनाही ही नवी लढाई नव्याने शिकावी लागली.

देगरायमध्ये परिक्रमेचं रूपही बदललं. आधी ती फक्त देवीची होती. आता तिच्यात निवेदनं आहेत, घोषणा आहेत, मोबाइलवर हद्दीच्या खुणा टिपणं आहे. कुणी म्हणेल की धर्माचं आंदोलन झालं. मला उलटं वाटतं. परिक्रमा पहिल्यापासून हद्दीची मोजणीच होती, ती आता पटवाऱ्याला समजेल अशा भाषेत होते आहे एवढंच.

दोन खटले, एक जमीन

आता कोर्टाकडे. हरित लवादाचं दार स्थानिकांनी ठोठावलंच, पण खरी मजा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे या जमिनीशी संबंध असलेले दोन वेगवेगळे खटले वर्षानुवर्षं समांतर चालले. एकात जमीन म्हणजे पक्ष्याचा अधिवास, दुसऱ्यात देवीचं वन.

पहिला गोडावणचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या एम. के. रणजितसिंह यांनी २०१९मध्ये याचिका केली. १९ एप्रिल २०२१ला न्यायालयाने कडक आदेश दिला: गोडावणच्या क्षेत्रात लाइनींना डायव्हर्टर लावा, पुढच्या कमी दाबाच्या लाइनी जमिनीखालून न्या, जास्त दाबाच्यांचं काय करता येईल ते तीन जणांची समिती ठरवेल. राजस्थान आणि गुजरात मिळून जवळपास ९९ हजार चौरस किलोमीटर प्रदेश या आदेशाखाली आला. सरकार परत कोर्टात गेलं. जास्त दाबाची लाइन एवढ्या लांबीची जमिनीखालून नेणं परवडणारं नाही आणि तांत्रिकदृष्ट्याही अवघड, असं म्हणणं मांडलं गेलं. त्यात तथ्य आहे. जमिनीखालची लांब केबल ही एका प्रचंड कपॅसिटरसारखी, म्हणजे वीज साठवणाऱ्या भांड्यासारखी वागते, पलटता प्रवाह तिला भरण्यात आणि रिकामं करण्यातच खर्ची पडू लागतो, आणि दर काही अंतरावरचा सांधा हा बिघाडाला आमंत्रण. २१ मार्च २०२४ला न्यायालयाने जुना सरसकट आदेश मागे घेऊन नवी तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१मध्ये मान्य केला. देशभर बातमी झाली ती या हक्काची. जैसलमेरमध्ये लोकांनी वाचलं ते एवढंच, की लाइनी पुन्हा वरून जाणार.

१९ डिसेंबर २०२५ला समितीच्या शिफारशी बऱ्याच अंशी मान्य करणारा निकाल आला. राजस्थानात १४,०१३ चौरस किलोमीटरचं सुधारित प्राधान्य क्षेत्र ठरलं. त्यात नव्या पवनचक्क्या नाहीत, मोठे सौर प्रकल्प नाहीत, नव्या लाइनी जायच्या तर ठरवून दिलेल्या पट्ट्यांतूनच. ९९ हजारांपासून इथवर येणं ही माघार की व्यवहार, यावर पक्षीतज्ज्ञांतच मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर थोड्या क्षेत्रात खरोखर अमलात येणारा आदेश मोठ्या क्षेत्रातल्या कागदी आदेशापेक्षा बरा. फक्त रेघेच्या बाहेर राहिलेल्यांनी काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. देगराय अशा जागी आहे की पश्चिमेला डेझर्ट नॅशनल पार्ककडचे गोडावण आणि ईशान्येला पोकरण-रामदेवरा भागातले गोडावण, यांच्या मधला हा मुलूख. जैसलमेर जिल्ह्यातल्या सम इथल्या प्रजनन केंद्रात पिल्लं वाढत आहेत, ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्माला आलं. पण ती पिल्लं उद्या सोडायची झाली तर दोन तुकड्यांमधली वाट तारांच्या जाळ्यातून जाता कामा नये. स्थानिक गट हेच पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत.

दुसरा खटला ओरणींचा. अलवरच्या ‘कृषि एवं पारिस्थितिकी विकास संस्थान’ या संस्थेचे अमन सिंह यांनी लावून धरलेला. राजस्थानात सुमारे २५ हजार ओरणी, मिळून सहा लाख हेक्टर, असा आकडा या खटल्यात आला. २०१८मध्ये ओरणींना वन मानण्याबद्दल निर्देश झाले, अंमलबजावणी रेंगाळली. १८ डिसेंबर २०२४ला न्यायालयाने राज्याला बजावलं की प्रत्येक देववनाचं प्रत्यक्ष जमिनीवर आणि उपग्रहाच्या साह्याने मोजमाप करा, लहान-मोठी न पाहता सगळी वन म्हणून अधिसूचित करा, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-क खाली त्यांना ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ करण्याचा विचार करा. देखरेखीला उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती.

गावालाच धास्ती

आता कुणालाही वाटेल की गावात पेढे वाटले गेले असतील. तसं सरळ झालं नाही. त्याआधी फेब्रुवारी २०२४मध्येच, २०१८च्या निर्देशांना अनुसरून, राज्य सरकारने ओरणी आणि देववनं ‘मानीव वन’ ठरवण्याची सूचना काढून हरकती मागवल्या होत्या. हरकती सगळ्यांत जास्त आल्या त्या ओरणींवर जगणाऱ्यांकडूनच. वन म्हणजे वनखातं, आणि वनखातं म्हणजे फाटकावरचा चौकीदार. उद्या गुरं आत नेता येतील का? डिंक, केर, सांगरी (खेजडीच्या शेंगा) गोळा करायची का? देवीच्या जत्रेला परवानगी काढावी लागेल का? ओरणीत ज्यांची वाडी-वस्ती आहे त्यांचं काय?

ही भीती अनाठायी म्हणून उडवून लावू नये, निदान आपण मराठी माणसांनी तरी. १९७९मध्ये सोलापूर-नगर भागात आपण माळढोकसाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर केलं. त्यात शेतं होती, गावं होती, तालुक्याची ठिकाणंही होती. वर्षानुवर्षं जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल अढी बसली, शेवटी क्षेत्र कापून १,२२२वर आणलं. नान्नजच्या माळावर आता माळढोक दिसला तर बातमी होते. लोकांना शत्रू करून घेतलेल्या संरक्षणाचं हे फळ आपल्या अंगणातलं आहे.

त्यात गाव काही एकमुखी नाही. ज्याची स्वतःची खातेदारीची जमीन आहे त्याला कंपनीकडून भाडं मिळतं, आणि बाजरीच्या एका बेभरवशाच्या पिकापेक्षा ते पक्कं असतं. काही पोरांना सुरक्षारक्षकाची नोकरी लागली. ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त ४० मेंढ्या आहेत, त्याच्या वाट्याला कुंपणच येतं. ओरणीचा सगळ्यात मोठा आधार त्यालाच, आणि ग्रामसभेत त्याचा आवाज सगळ्यात बारीक. स्थानिक गटांत सवर्ण आणि मंदिराशी जोडलेले लोक पुढे दिसतात, गुरं राखणारे अनेकदा मागे. टीका म्हणून हे लिहीत नाही. पण ओरण वाचली तर ती कुणासाठी वाचली, हा प्रश्न यामुळे उभा राहतो.

सौरऊर्जेला विरोध का करता, हा आरोप या लोकांवर नेहमी होतो. बहुतेक गट तसा विरोध करतच नाहीत. त्यांचं म्हणणं जागेबद्दल आहे: ओरण, तलावाचं आगोर आणि गोडावणचा माळ सोडून दुसरीकडे लावा. यावर ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे, हे दाखवायची जबाबदारीही पुन्हा त्यांच्यावरच टाकली जाते. सरकारकडे उपग्रह आहेत, दप्तर आहे, कर्मचारी आहेत. तरी कुठे ओरण आहे आणि कुठे नाही हे उंटपालकाने सिद्ध करायचं.

कलमातली मेख

शेवटी पुन्हा वहीकडे. न्यायालयाने सुचवलेलं कलम ३६-क लोकांच्या भीतीवरचा बऱ्यापैकी उतारा आहे. सामुदायिक राखीव क्षेत्राचा कारभार जी समिती पाहते तिच्यात ग्रामपंचायतीने नेमलेले किमान पाच प्रतिनिधी असतात, वनखात्याचा एक. म्हणजे चौकीदार आला तरी किल्ली गावाकडे. ओरण ज्या रीतीने आजवर राखली गेली, तिच्या जवळ जाणारी हीच एक चौकट आपल्या वन्यजीव कायद्यात आहे.

पण कलम नीट वाचलं की मेख सापडते. सामुदायिक राखीव क्षेत्र जाहीर करता येतं ते खासगी किंवा समुदायाच्या जमिनीवर. जमीन सरकारच्या मालकीची असेल तर कलम ३६-अ लागतं, ‘संवर्धन राखीव क्षेत्र’, आणि तिथे गावकऱ्यांची समिती सल्ला देण्यापुरती. देगरायच्या ज्या भागाची नोंद सिवायचक आहे तो भाग वहीप्रमाणे समुदायाचा नाहीच. म्हणजे समुदायाच्या हाती कारभार द्यायचा तर आधी ती जमीन समुदायाची म्हणून लागली पाहिजे, आणि ती लागावी म्हणून तर हे सगळं चाललं आहे.

म्हणून जैसलमेरच्या धरण्यांमध्ये ‘गोडावण बचाओ’पेक्षाही एक रुक्ष मागणी जास्त ऐकू येते: ओरण महसुली दप्तरात ओरण म्हणून चढवा. फलकावर ती शोभत नाही, पर्यटकाला कळत नाही, वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसत नाही. मोजणीला पथक येईल तेव्हा त्याच्यासोबत हद्दीवरून कोण चालणार, हे मात्र गावात ठरलेलं आहे. ज्यांनी लहानपणी परिक्रमा केली ती म्हातारी माणसं, आणि मोबाइलवर खुणा टिपलेली त्यांची नातवंडं. कुठल्या खेजडीपाशी हद्द वळते आणि कुठल्या टेकाडावरून सरळ जाते ते त्यांना तोंडपाठ आहे. मधे एकदोन ठिकाणी ती खेजडी आता उरलेली नाही, तिथे टॉवरचा पाय आहे. तिथे बोट दाखवून ‘हद्द इथून’ असं सांगावं लागेल, आणि पथकातल्या माणसाला ते लिहून घ्यावं लागेल.